तांडेलचं रक्त

"घरात लहान मूल आहे का?" डॉक्टर कारखानिसांनी विचारलं तेव्हा चंदरला वाटलं, आपण भलतंच काहीतरी ऐकलं. टेबलावर कुत्रं पडलं होतं. चारी पाय पट्ट्यांनी बांधलेले, जबड्याला गाठ मारलेली, डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत ओळख म्हणून नव्हती. इतका वेळ सगळं बोलणं त्याच्याविषयीच चाललं होतं. खातो काय, ओकला का, पोट कधी साफ झालं होतं, झटके केव्हापासून येतात. मग डॉक्टरांनी त्याच्या कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर ओढून घेतला आणि ते आतल्या खोलीत गेले. बराच वेळ आलेच नाहीत. आले ते चष्मा कपाळावर चढवून, कुत्र्याकडे न बघता सरळ चंदरकडे बघत.

"मुलगी आहे," चंदर म्हणाला. "चौथं लागलंय."

"तब्येत कशी आहे तिची?"

"ठीक आहे."

हे 'ठीक आहे' तो कंपनीत, जिन्यात, बसस्टॉपवर सगळ्यांना सांगत असे. इतक्यांदा, की ते खरं आहे की नाही हे बघायची सवयच मोडली होती. अनुपमा वर्षाची व्हायच्या आत बोलायला लागली होती. बोंबलाला बोबी, होडीला होई, आणि आजोबांच्या कुत्र्याला चक्क पूर्ण 'तांडेल'. होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला बसून सगळ्यांच्या आधी समुद्र बघायचा म्हणून महादूनं, चंदरच्या वडिलांनी, त्याचं नाव तांडेल ठेवलं होतं. होडी हाकणारा तो तांडेल, आणि हे कुत्रं तसंच ऐटीत बसायचं. दिवाळीपर्यंत पोरगी तोंड मिटत नव्हती. मग शब्द कमी व्हायला लागले. घरातली भांडी रोज एकेक करून कुणी उचलून न्यावीत आणि फळी रिकामी झाल्यावरच ते ध्यानात यावं, तसं झालं. ती फरशीवर पालथी पडून पोट गार लादीला दाबून धरायची. भिंतीचा चुना चाटायची. नाक्यावरच्या डॉक्टरनं जंत म्हणून औषध दिलं. त्याची बायको शुभा म्हणाली, "दिवसभर तुझ्या आईकडे असते. तिथे कोण बोलतं तिच्याशी?" शुभा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला, दिवसभर कानात दुसऱ्यांचं बोलणं, तिला घरात शांतता खुपायची. चंदरला त्या वाक्याचा राग आला होता, कारण त्यात त्याच्या घराला नाव ठेवलेलं होतं. मुलगी मुकी होत चालली होती आणि त्यानं राग धरला होता तो वेसाव्याच्या, आईवडिलांच्या घराच्या बाजूनं.

"ठीक म्हणजे, बोलत नाही हल्ली फारशी," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली. "या आत."

आतल्या खोलीत खिडकीजवळ सूक्ष्मदर्शक मांडला होता. पावसाळी उजेड आरशावर पडेल असं ते यंत्र वळवून त्यांनी चंदरला डोळा लावायला सांगितलं. आधी नुसता पांढरा गोल दिसला, मग आपल्याच पापण्या, मग एकाएकी सगळं स्थिर झालं. गुलाबी चकत्या, एकमेकींना खेटलेल्या. गाबोळीतल्या माशाच्या अंड्यांसारख्या, त्याच्या मनात आलं. आणि काही चकत्यांवर निळे बारीक कण, कुणी शाईची कुंचली झटकावी तसे.

"हे ठिपके नकोत तिथे," डॉक्टर मागून म्हणाले. "पिसाळला असेल असं मलाही वाटलं होतं, म्हणून तर हातमोजे घातले. त्याच्यावर नजर ठेवायचीच आहे. पण हे रक्त दुसरंच सांगतंय. मघाशी पोटाचा फोटो काढला ना, तो बघा." त्यांनी ओली फिल्म खिडकीशी धरली. बरगड्यांच्या धुरकट कमानींखाली दाणे दिसत होते, पेरूच्या बियांसारखे, पण इतके पांढरे, की तिथं फिल्मला भोकं पडली आहेत असं वाटावं. "शिसं आहे हे. तुमच्या घरात शिसं येतं कुठून?"

चंदरला आधी पेन्सिल आठवली. शाळेत पेन्सिलीतलं शिसं मोडलं की मास्तर ओरडायचे. मग तो शब्द हळूहळू जड झाला आणि वास घेऊन आला. शेंदरी कोळसे, लोखंडी पळी, आणि वितळलेल्या धातूचा तो कोरडा वास, जो नाकापेक्षा जिभेच्या मागच्या बाजूला जास्त लागतो. बाहेर वेटिंगरूममध्ये जुहूच्या कुठल्यातरी बंगल्यातलं झिपरं पांढरं कुत्रं भुंकत होतं. त्याची मालकीण, सकाळी चंदर बर्फाच्या टेंपोतून उतरून पोत्यात गुंडाळलेलं हे जनावर आत घेऊन आला तेव्हा, नाकाला रुमाल लावून उठून उभी राहिली होती. तेव्हा त्याला माशाच्या वासाची लाज वाटली होती. आता त्या वासात आणखी एक वास होता, आणि तो फक्त त्यालाच येत होता.

"माझे वडील जाळी विणतात," तो म्हणाला. "जाळ्याला शिशाच्या गोळ्या लागतात. ते घरी ओततात."

"घरात? घराच्या आत?"

"पावसाळ्यात आत. एरवी परसात."

डॉक्टरांनी फिल्म दोरीला चिमट्यानं अडकवली, हात धुतले, बराच वेळ पुसत राहिले. परळच्या जनावरांच्या इस्पितळात बरीच वर्षं काढून, परदेशात शिकून आलेला हा माणूस. अंधेरीत कुत्र्यामांजरांसाठी सूक्ष्मदर्शक आणि एक्सरे घेऊन बसला म्हणून लोक हसायचे. "ह्याला मी ठेवून घेतो," ते म्हणाले. "पोट धुवायचं आणि शिरेतून औषध द्यायचं. औषध खरं तर माणसांचंच आहे, मी कुत्र्यांना देतो. वाचेल बहुतेक. पण मुलीला आज मोठ्या हॉस्पिटलात न्या. आज, उद्या नको. मी माणसांचा डॉक्टर नाही, मला हे बोलायचा अधिकार नाही. तरी तिथे शिसं हा शब्द सांगा. आणि तिच्या हिरड्या बघा. दातांच्या कडेनं निळसर रेघ दिसते कधीकधी."

चंदर बाहेर पडला. पाऊस थांबून थांबून पडत होता. वेसाव्याच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तिच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला, आणि त्यानं वरचा ओठ बोटानं उचलून पाहिलं. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागे वळून बघितलं तसा त्यानं हात खाली घेतला. काचेत काही दिसत नव्हतं. काल दुपारपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. काल तांडेल पडवीत गोलगोल धावायला लागला, हवेला चावायला लागला, आणि मग कोपऱ्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिला, जणू भिंत ढकलून पलीकडे जायचं आहे. शेजारचा गुणाजी दोरी आणि वल्हं घेऊन आला. "पिसालला हाय, डोक्यात घाला त्याच्या," म्हणाला. चंदर मुलीला घरी न्यायला आला होता तो दारातच थबकला. आणि अनुपमा, जिच्या तोंडून कित्येक आठवड्यांत धड शब्द फुटला नव्हता, ती गुणाजीच्या पायांत शिरून म्हणाली, "नको." स्पष्ट म्हणाली. त्या एका शब्दासाठी त्यानं कुत्र्यावर पोतं टाकलं, रात्रभर पावसाळ्यात रिकाम्या पडलेल्या बर्फाच्या खोलीत बांधून ठेवलं, आणि सकाळी अंधेरीला आणलं. कुत्रा वाचला तर आणखी एखादा शब्द परत येईल, असं काहीतरी मनात होतं. ते त्यानं शुभालाही सांगितलं नव्हतं.

पण बसच्या त्या हेलकाव्यांत अनुपमाचा चेहरा आठवू गेलं की तिच्या जागी दुसराच चेहरा येत होता. रामाचा. रामचंद्र, त्याचा धाकटा भाऊ. चंदर शाळेत जायला लागला होता तेव्हाची गोष्ट. बा ओतायला बसला की दोघं भाऊ उकिडवे समोर बसायचे. पळीतलं शिसं आधी राखाडी, सायीसारखं सुरकुतलेलं. बा लाकडाच्या ढलपीनं ती साय बाजूला करायचा आणि खाली चंद्रासारखं लखलखीत काहीतरी उघडं पडायचं. ते मातीच्या साच्यात ओतलं की क्षणात विझायचं. थंड झालेल्या गोळ्या बा पोरांच्या ओंजळीत टाकायचा, अजून कोमट असलेल्या. एवढीशी गोळी आणि एवढी जड. रामा ती गालात धरून हिंडायचा. "गोड लागतंय," म्हणायचा. चंदरनंही धरून पाहिली होती. त्याला आता त्या गोळीची चव आठवली, तोंडात पाणी सुटावं इतकी स्वच्छ, आणि त्यानं घाईनं थुंकी गिळली. रामाला मग पोटात दुखायला लागलं. तो भांडायचा बंद झाला, हाक मारली तर बघायचा बंद झाला. ऐन पावसाळ्यात एका सकाळी त्याला झटके आले. आयनं त्याच्या दातांत पळीचा दांडा घातला होता. भगत आला, नारळ फिरवला, आणि आयकडे बोट दाखवून म्हणाला, देवीचं देणं राहिलं. राहिलं होतं खरंच. रामाच्या वेळी आयनं नवस बोलला होता आणि होडी नवी करण्याच्या नादात ते साल तसंच गेलं होतं. रामा दोन दिवसांत गेला. बा तेव्हा एकदाच म्हणाला, "तुज्यापायी गेला." पुन्हा कधीच म्हणाला नाही. पण एकदा उच्चारलेलं ते वाक्य त्या घरातून बाहेर पडलंच नाही. चुलीच्या धुरासारखं वाशांना धरून राहिलं. आयनं त्या सालापासून केसांत फूल माळलं नाही. कोळणीनं वेणी माळली नाही म्हणजे बाजारात गिऱ्हाईकसुद्धा विचारतं. ती उत्तरादाखल पाटीतला मावरा, ताजी मासळी दाखवायची.

आणि मी मुलीला तिथेच ठेवली, चंदरच्या मनात आलं. रोज सकाळी स्वतः नेऊन सोडली.

वेसाव्यात होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या होत्या. नारळी पुनव जवळ आली की समुद्र उघडणार, त्याच्या आत जाळी तयार व्हायला हवीत. गल्लीतल्या घराघरांतून जाळ्यांचे ढीग दिसत होते, आणि ते सगळे आता नायलॉनचे. सुताचं जाळं भिजून आपल्या वजनानं बुडायचं. हे हलकं, तरंगू बघणारं, त्याला शिसं दुप्पट लागायचं. महादूच्या हातच्या गोळ्यांना मागणी वाढली होती ती त्यामुळेच. भंगारवाल्याकडून जुन्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या आणि मोडके नळ गोणीनं यायचे. चंदर घराच्या जवळ आला तसा तो वास आला. दार पावसासाठी लोटलेलं होतं. आत अंधार, धूर, आणि चुलीसमोर महादू दोन्ही हातांनी पळी धरून बसलेला. त्याचा उजवा हात दोन वर्षांपासून मनगटातून लोंबत होता, मेलेल्या पक्ष्याच्या मानेसारखा. वात आहे, जन्मभर दोर ओढले त्याचं हे, असं तो म्हणायचा. त्याच्या गुडघ्याला टेकून अनुपमा बसली होती, तळहात पुढे करून.

चंदरनं तिला उचललं ते इतक्या जोरात, की महादूच्या हातून पळी निसटली. शिसं जमिनीवर सांडलं, पसरलं, आणि शेणाच्या सारवणावर चरचरत थिजलं.

"भाजली असती की रं पोर," महादू म्हणाला. "काय यड लागलं तुला?"

मुलीला दाराच्या उजेडात नेऊन चंदरनं तिचा ओठ वर केला. तिनं प्रतिकार केला नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. मूल निदान रडायला हवं होतं. हिरडी फिकट होती, आणि तिच्या कडेला, दातांना लागून, सुईनं ओढावी तशी निळी रेघ.

आय, सगुणा, आतून आली. हातातला तांदूळ तसाच धरून उभी राहिली. "कुत्रा मेला काय?" तिनं विचारलं.

"नाय. त्याच्या पोटात शिसं गेलंय. रक्तात उतरलंय. हिच्या बी." घरात आला की त्याच्या जिभेवर घरची बोली यायची, आज ती अडखळत आली. "बा, हे ओतणं बंद कर. आजपासून."

"कोन बोलला?"

"डॉक्टर."

"कुठला डॉक्टर?"

"तांडेलला नेला होता तिथला."

महादू हसला. मोठ्यानं, मान मागे टाकून हसला. "कुत्र्याच्या डॉक्टरनी सांगितलं काय! अरे, माज्या बापानी ओतलं, मी ओततंय. तू या चुलीपुढं वाढलास. तुला काय जालं? शिकलास, साहेब जालास." तो हसत असताना त्याचं तोंड उघडं होतं, आणि चुलीच्या उजेडात चंदरला त्याच्या हिरड्या दिसल्या. रेघ तिथेही होती. मुलीच्यापेक्षा जाड, जुन्या गोंदणासारखी. चंदरनं नजर आयकडे वळवली. तिच्या हिरड्या मिश्रीनं काळ्या झालेल्या. तिथं काही कळायला मार्गच नव्हता.

"मी येतंय तुज्याबरबर," आय म्हणाली. तांदूळ तिनं परत सुपात टाकला आणि पदर खोचला.

मोठ्या इस्पितळात त्यांना बराच वेळ बाकावर बसवलं. शुभा एक्स्चेंजमधून परस्पर आली. तरुण डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं, आणि हे ओळखलं कुणी, असं विचारलं. चंदरनं सांगितलं. डॉक्टरच्या चेहऱ्यावर हसू यायच्या बेतात होतं, ते आलं नाही, कारण तेवढ्यात शुभाच्या मांडीवर अनुपमा ताठ झाली. डोळे वर गेले. उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर मुडपली. मग ते सगळं लहान अंग कुणीतरी आतून हलवावं तसं हलायला लागलं. नर्स धावल्या, पडदा ओढला गेला. चंदरला त्या पडद्याच्या हिरव्या कापडावरची एक उसवलेली शिवण तेवढी नंतर आठवत राहिली. तिच्यातून आत बघता आलं असतं, पण तो बघू शकला नाही. आय बघत होती. ती पडद्याच्या कडेला उभी होती आणि बघत होती, तोंडावर हात न ठेवता, देवाचं नाव न घेता. आधी पाहिलेलं काहीतरी ती ओळखत होती आणि ताडून बघत होती.

गुडघ्याच्या फोटोत हाडांच्या टोकांना पांढऱ्या पट्ट्या निघाल्या. मोठे डॉक्टर आले, त्यांनी विद्यार्थ्यांना बोलावून ते फोटो दाखवले. औषध सुरू झालं; कारखानिसांनी सांगितलं होतं तेच. बाटलीतून थेंबथेंब मुलीच्या हातात उतरणारं ते औषध बघत चंदर बसायचा, तेव्हा अंधेरीत त्या टेबलावर बांधलेल्या कुत्र्याच्या पायातही हेच उतरत असेल, हा विचार त्याला सोडत नसे. तो धीराचा होता की भयाचा, हे ठरवता येत नसे. झटके थांबले. शुभा चंदरशी कामापुरतं बोलायची. एकदा मुलीचे केस विंचरताना ती वर न बघता म्हणाली, "तिथे ती परत जाणार नाही."

"नाही जाणार," चंदर म्हणाला.

"तू म्हणायचास, माझ्या घरात वाढलं की मूल दणकट होतं."

तो असं म्हणाला होता. अभिमानानं म्हणाला होता.

तांडेल आधी बरा झाला. डॉक्टर कारखानिसांनी त्याला दोरीला बांधून चंदरच्या हातात दिलं तेव्हा तो शेपूट हलवत होता, बारीक झाला होता, पण नजर जागेवर आली होती. "कुत्र्याचं मी सांगू शकतो," डॉक्टर म्हणाले, "हा आता जगेल. मुलीचं?" चंदरनं सांगितलं, झटके नाहीत, भूक लागते, 'नको' म्हणते, 'आई' म्हणते. बाकीचे शब्द अजून आले नाहीत. तिथले डॉक्टर म्हणतात, शाळेच्या वयाची झाली की कळेल. कारखानिसांनी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "त्या गल्लीत आणखी मुलं असतील," ते म्हणाले. "कुणीतरी बोलायला हवं त्यांच्याशी. तुमचं ऐकतील."

चंदर तांडेलला घेऊन आधी गुणाजीकडे गेला. गुणाजीनं सगळं नीट ऐकलं, चहा दिला, आणि म्हणाला, "बरोबर हाय तुजं. पन पुनव आठ दिसांवर आली. जालं बुडाया नको? शिसं नाय तर काय धोंडं बांधू?" त्याच्या मागे परसात शिशाचा तवा चढलेला होता. त्याची नात चुलीपाशी खेळत होती आणि मधूनच हात तोंडात घालत होती. चंदरनं तिला उचलून बाहेरच्या पायरीवर ठेवलं. तो गल्लीच्या टोकाला पोचून मागे वळला तेव्हा ती परत आत गेलेली होती.

मग तो आपल्या घरी आला. बानं चूल परसात हलवली होती, एवढंच. ओतणं थांबलेलं नव्हतं. आज मात्र आग नव्हती. महादू ओट्यावर बसला होता, लुळा हात मांडीवर ठेवून, आणि सगुणा दाराच्या चौकटीला टेकून. तांडेल दोघांच्या मध्ये लोळला. बाहेर पाऊस नव्हता, आणि खाडीच्या अंगानं येणारा वारा घरातून आरपार जात होता. चंदरनं मुलीची हकीकत सांगितली. दोघांनी ऐकली. मग आय म्हणाली, "रामाला बी हेच जालं व्हतं ना?"

हे ती कधीतरी विचारणार, हे त्याला इस्पितळातल्या त्या पडद्यापासून माहीत होतं. विचारलंच तर टाळायचं, असं त्यानं ठरवलं होतं. एवढ्या वर्षांमागचं कोण सांगणार, असं म्हणायचं. "तेव्हाचं आता काय कळणार, आये," तो म्हणाला.

"मना कलतंय. मी पायलंय. डोले तसंच वर गेलं. बोटं तशीच मुडपली. पोट तसंच दुकायचं." ती चंदरकडे बघत नव्हती, महादूकडेही नाही. "तो बी गोल्या खायचा."

महादूनं लुळा हात चांगल्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला.

"हो," चंदर म्हणाला. "तसंच असेल."

"म्हंजे शिशानी."

"हो."

"देवीनी नाय."

"नाय आये. देवीनं नाय. नवसाचा काय संबंध नव्हता. तुझा काही दोष नव्हता त्यात." हे वाक्य तो गेले कित्येक दिवस मनात घोळवत होता. टाळायचं ठरवूनही घोळवत होता. ते ऐकून आय रडेल, मग तिच्या खांद्यांवरून काहीतरी खाली उतरेल, आणि आपण काही करू शकलो नाही तरी एवढं तरी तिला दिलं, असं होईल. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथं तसं काही घडत नव्हतं. ती विचार करत होती, बाजारात एखादं गिऱ्हाईक भलताच भाव सांगून गेल्यावर करायची तसा.

"मी दर साली जातंय तिच्याकडं," ती म्हणाली. "सदरा नेतंय त्याच्यासाठी. पयलं एवढंसं नेलं व्हतं. मंग वाढत्या मापाचं नेलं. आता तुज्या मापाचं नेतंय. मना वाटायचं, तिनी घेतला तर घेतला, तिच्याकडं हाय. खातंय, पितंय. मोटा जाला असंल. तिनी नेलाच नाय तर मंग कुठं हाय तो?"

चंदरला वाटलं, बा काहीतरी म्हणेल. निदान ते जुनं वाक्य आज मागे घेईल. महादूचे ओठ हलले. तो चौकटीशी बसलेल्या आपल्या बायकोकडे खूप वेळ बघत राहिला, आणि मग मुलाकडे वळून इतक्या हलक्या आवाजात बोलला, की तसा आवाज त्याचा असू शकतो हे चंदरला ठाऊक नव्हतं.

"तू शिकलेला हायस," तो म्हणाला. "सांग ना तिला कायतरी."

चंदर आयच्या समोर खाली बसला. ती त्याच्या तोंडाकडे बघत थांबली होती.